तीन चुली, एक विळी

आमच्या वन्सं कुणाची चूक कधी चूक म्हणून सांगत नसत. गॅसवरचं दूध उतू चाललं असेल तर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, चष्मा वर सारायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, मघाशी आपण एक भांडं गॅसवर ठेवलं होतं, ते बहुधा अजून तिथंच आहे. एकदा बघून घ्यावं का?" वाक्य संपेपर्यंत ओटा पांढरा झालेला असायचा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, नणंदबाई टोमणे मारताहेत. वयानं माझ्याहून लहान, पण सासूबाईंच्या आग्रहाखातर मी त्यांना वन्संच म्हणते आणि अहोजाहो करते. त्यामुळे उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. पुढं कळलं की टोमणा मारायला जी घाई लागते ती त्यांच्या अंगातच नाही. आणि हे असं बोलणं हा तर त्यांचा व्यवसायच.

तो व्यवसाय मला समजायला बरीच वर्षं लागली, तेव्हा तुम्हालाही जरा धीर धरावा लागेल. माणूस संगणकासाठी जे लिहितो ते संगणकाला जसंच्या तसं कळत नाही. आधी ते कुणीतरी वाचावं लागतं. कंस उघडलाय तो मिटलाय का, शब्द जागच्या जागी आहेत का ते पाहावं लागतं. मग ते यंत्राच्या बोलीत उतरवावं लागतं. हे सगळं करतो तो कंपायलर, आणि त्याचा वाचणारा-तपासणारा पुढचा भाग म्हणजे फ्रंटएंड. मी माझ्यापुरतं असं लावून घेतलंय की भाजी निवडणं, धुणं, चिरणं हा फ्रंटएंड. फोडणी आणि शिजवणं पुढचं.

वन्संच्या कामात भाषा एक होती, पण तिचे कंपायलर बनवणारे प्रकल्प तीन. तिन्ही ओपन सोर्स, म्हणजे कुणीही येऊन बघावं, कुणीही सुधारावं, कुणीही घरी घेऊन जावं. सासूबाई म्हणाल्या, "बागेतल्या नळासारखं." पूर्वी तिन्ही प्रकल्पांत निवडणं-चिरणं वेगवेगळं चालायचं. मग कुणाला तरी शहाणपण सुचलं की भाजी तीच आहे तर ती तीन ठिकाणी कशाला चिरायची? तेव्हापासून चुली तीन, पण विळी एक. त्या विळीवर बसायला माणूस हवं होतं. तिन्ही प्रकल्पांनी मिळून वन्संना नेमलं.

वन्सं बसल्या मात्र नाहीत. पाठीचं दुखणं आहे म्हणून त्या उभ्यानंच काम करतात, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. त्यांची भाची, म्हणजे माझी मुलगी, अजून बोलायलाही शिकली नव्हती तेव्हापासून त्या टेबलावर इस्त्री आणि फ्रंटएंड शेजारी-शेजारी नांदताहेत. आमच्या घरातल्या काही शर्टांच्या कॉलरवर चार्जरच्या वायरची घडी आहे ती त्यामुळे.

या सामाईक कामाचा नियम एकच. फ्रंटएंडमध्ये कुणालाही काही नवं घालायचं असेल तर बाकीच्या दोन्ही प्रकल्पांनी ते वाचून हो म्हणायचं. आपल्या कामाला आपणच हो म्हणायचं नाही. कुणी हरकत घेतली, तर हरकत मिटेपर्यंत सगळं आहे तसं ठेवायचं. ऐकायला किती सरळ वाटतं. वन्संना तो इतका आवडला की त्यांनी तो घरातही आणला, आणि आमच्या ह्यांनी पहिल्याच झटक्यात त्यात पाय अडकवून घेतला.

झालं असं, की ह्यांनी एका सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या खोलीतला सोफा खिडकीकडे वळवायला घेतला. अर्धा वळला असेल नसेल, तोच सासूबाई आतून म्हणाल्या, "माझी हरकत आहे." वन्सं इस्त्री थांबवून बाहेर आल्या आणि दादाला समजुतीच्या सुरात म्हणाल्या की हरकत आली म्हणजे आता आहे तसं ठेवायला हवं. आहे तसं म्हणजे तिरपं. सासूबाईंची हरकत मिटली नाही, कारण ती काय होती हे त्या दुपारच्या झोपेत विसरल्या. तेव्हापासून आमचा सोफा खोलीच्या मधोमध तिरका, भिंतीतल्या कपाटाकडे तोंड करून उभा आहे. कपाटाला आरसा आहे. पाहुणे आले की आरशात बघून एकमेकांशी बोलतात. सवय होते.

तर या फ्रंटएंडमध्ये वर्षानुवर्षं तिन्ही प्रकल्पांच्या आपापल्या सोयी शिरत गेल्या. सोय म्हणजे, भाजी सगळ्यांसाठी चिरताना "आमच्यापुरतं देठ ठेवा", "आमच्यापुरतं बारीक करा" असं बजावणं. सोयी वाढल्या तशी कुरकुर वाढली. प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्या दोघांच्या सोयींचं ओझं आपण वाहतोय. हरकतींवर हरकती साचल्या. शेवटी तिघांनीही कळवलं की एकदा समोरासमोर बसू, आणि जमलं नाही तर फोर्क करू. फोर्क म्हणजे आपली प्रत घ्यायची आणि वेगळं व्हायचं. सासूबाईंना हे मी समजावून सांगितलं तर त्यांना वाटलं मी उगीच लांबण लावतेय. "वेगळी चूल मांडणार, असं म्हण की सरळ."

वेगळ्या चुली मांडल्या तर वन्संची नोकरी जाणार हे उघडच होतं. पण त्यांना घोर लागला होता तो नोकरीचा नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तीन घरांची भाजी एका पाटावर आणण्यात घातली होती. प्रत्येकानं आपापला तुकडा उचलून नेला, तर मधे काय उरणार? हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्या आठवड्यात त्यांनी माझ्या साड्यांना दोनदा इस्त्री केली.

बैठक वाचनालयाच्या खोलीत ठरली होती, पण तिथला पाइप फुटला. म्हणून ती आली आमच्या तिरप्या सोफ्यावर.

तीन प्रकल्पांची तीन माणसं आली. सासूबाईंच्या लक्षात नावं राहत नाहीत, म्हणून त्यांनी चहा होईपर्यंत तिघांचं बारसं उरकून टाकलं. पहिले जुनेकाका. त्यांचा कंपायलर वापरणाऱ्यांकडे फार पूर्वी लिहिलेले प्रोग्राम आहेत, तेव्हा जे एकदा चाललं ते कायम चाललंच पाहिजे, मग ते कितीही चुकीचं असो. दुसऱ्या कडकबाई. त्यांच्या मते जे संशयास्पद आहे ते दारातच अडवावं. एखादं नाव ठेवलं आणि वापरलं नाही, तरी पुढं जाऊ देऊ नये. तिसरा घाईराव. त्याचं म्हणणं, वाचताना बोलत बसू नका, आधी पुढं ढकला, तक्रारी शेवटी एकदम सांगा. चहा गाळण्याआधीच त्यानं कप उचलला, यावरून सासूबाईंनी त्याला ओळखलं.

दिवसभर तिघं आरशात बघून भांडले. जुनेकाका आरशातल्या कडकबाईंना म्हणाले की तुमच्या शिस्तीपायी माझी अर्धी माणसं उपाशी मरतील. कडकबाई आरशातल्या जुनेकाकांना म्हणाल्या की तुमच्या सवलतींमुळे माझ्या दारातून उंदीर आत येतात. घाईराव कुणाचं वाक्य पूर्ण होऊच देत नव्हता. एकदा तर तिघं एकाच वेळी बोलले, आणि आरशात कोण कुणाकडे बघतंय हेच कळेना. वन्सं त्यांच्या पद्धतीनं समजावत होत्या. "मघाशी आपण एका मुद्द्यावर होतो, तो बहुधा सुटला असावा." कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी ठरलं की सकाळी शेवटचं बसायचं आणि प्रती वाटून घ्यायच्या. वन्संनी मान हलवली आणि आत जाऊन ह्यांच्या रुमालांना इस्त्री करायला घेतली.

आणि इथं आमच्या सासूबाईंनी कारभार हातात घेतला.

त्यांच्या सासरी तीन दीर होते. तिघांत बिनसलं की त्या एकेकाला बाजूला घेऊन सांगायच्या, तुम्हीच त्यातल्या त्यात शहाणे, तुम्हीच मागं व्हा, बाकीच्यांना बोलू नका. हे औषध त्यांनी तीनदा पाजलं. जुनेकाकांना गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीआड. कडकबाईंना माझ्यासमोरच, ओट्यापाशी. घाईरावाला दारात, तो बुटाची नाडी बांधत असताना; तो त्या कामातही घाई करत असल्यामुळे सासूबाईंना ते एका दमात सांगावं लागलं. तिघंही गंभीर चेहऱ्यानं गेले.

सकाळी तिघं एकाच वेळी दारात हजर झाले, आणि कुणी आत येईना. जुनेकाका म्हणाले, आधी बाई. कडकबाई म्हणाल्या, वयानं मोठे आधी. घाईराव, तोच घाईराव, भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की मला कसलीच गडबड नाही. तिघांच्याही चेहऱ्यावर मोठा त्याग केलेल्या माणसाचं मंद हसू होतं. मी दार उघडं ठेवून चहा टाकायला गेले. चहा झाला तरी ते बाहेरच होते.

मग घाईरावाचा फोन वाजला. पाठोपाठ जुनेकाकांचा, पाठोपाठ कडकबाईंचा. तिघं एकदम आत शिरले, दाराच्या चौकटीत अडकले, सुटले आणि सोफ्यावर येऊन लॅपटॉप उघडून बसले.

काय झालं होतं ते कळायला वेळ लागला नाही. प्रत्येकानं रात्रीतून आपापल्या सगळ्या सोयी फ्रंटएंडमधून काढून टाकल्या होत्या. बाकीच्यांचं चालावं म्हणून, मोठ्या मनानं. नवं घालायचं तर दोघांनी हो म्हणावं लागतं. पण स्वतःचं काढून टाकायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, कारण कुणी आपणहून स्वतःचं काढेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बिघडलं तर ओरडणाऱ्या चाचण्या असतात. पण ज्याच्या सोयी त्याच्याच चाचण्या, आणि सोयींबरोबर प्रत्येकानं त्याही नीटनेटक्या काढल्या होत्या. त्यामुळे पडद्यावर सगळं हिरवंगार होतं, आणि काहीच चालत नव्हतं. जुनेकाकांचे जुने प्रोग्राम एकूण एक परत येत होते. कडकबाईंच्या दारातून वाटेल ते आत चाललं होतं. घाईरावाचा कंपायलर प्रत्येक ओळीला थांबून विचारत होता.

आता भांडण उलटं सुरू झालं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मागं व्हायला?" कडकबाई आरशातल्या जुनेकाकांना म्हणाल्या. जुनेकाका दुखावून म्हणाले की मी तुमच्यासाठीच केलं. घाईराव म्हणाला की त्याग मी आधी केला, तुमच्या दोघांच्या आधी. कोणाचा त्याग पहिला यावर बराच वेळ गेला. सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे असं सांगितलं की तिघांतला एकच ऐकायचा. हे तिघंच्या तिघं ऐकतील असं मला काय ठाऊक."

तेवढ्यात कडकबाईंचं लक्ष पडद्यावर गेलं. जिथं म्हणून अडत होतं तिथं फ्रंटएंड एकच उत्तर देत होता. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं: "इथे बहुधा काहीतरी मिटायचं राहिलं असावं. एकदा बघून घ्यावं." त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलंय. वन्संनी लिहिलं होतं, पहिल्या वर्षी. इतकी वर्षं तिघांच्या सोयींच्या गर्दीत ते कुणाला वाचायची वेळच आली नव्हती.

घाईरावानं लॅपटॉप मिटला. तो वाईट मुलगा नाही, फक्त हिशेबाला पुढं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या तिघांच्या सोयी वजा केल्या तर सामाईक म्हणून एवढंच उरतं. मोकळ्या जागा वाचणं, कंस मोजणं आणि ही नम्र वाक्यं. मग सामाईक काही नव्हतंच की."

जुनेकाका चष्मा पुसत राहिले. मी दाराच्या पडद्याआड कप घेऊन उभी होते, आणि मला वाटलं, झालं. बघता बघता चुली मांडल्या जाणार.

वन्सं आतल्या खोलीतून आल्या. हातात इस्त्री, तिची वायर मागं लोंबतेय. चष्मा वर सारला नाही.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

तिघांनी आरशात पाहिलं. मग मान वळवून प्रत्यक्ष पाहिलं. त्या सोफ्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं.

"तुमचं तिघांचं चुकलं. उरलंय ते सामाईक नाही. तुम्ही काढून टाकलंत ते सामाईक होतं. यातली एकही सोय बाकीच्या दोघांनी हो म्हटल्याशिवाय आत आलेली नव्हती."

घाईराव ओशाळला. सगळं एका आज्ञेत पूर्ववत करता येईल, असं म्हणून त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला, बोटही ठेवलं. वन्सं म्हणाल्या, नाही. परत घालणं म्हणजे नवं घालणंच. नियम आहे तो आहे. एकेक सोय पुढं ठेवायची, बाकीच्या दोघांनी वाचायची आणि मागे आपण हो का म्हटलं होतं ते सांगून पुन्हा हो म्हणायचं. ज्याची सोय, त्यानं गप्प बसायचं.

ही शेवटची अट सगळ्यांत जड गेली. वर्षानुवर्षं ज्या सोयींना त्यांनी नावं ठेवली, त्यांचीच वकिली आता प्रत्येकाला करायची होती, आणि तीही मनापासून, कारण आपल्या सोयींची दोरी बाकीच्या दोघांच्या हातात होती. पहिली सोय जुनेकाकांची निघाली: ओळीच्या शेवटची खूण विसरली असेल तरी चालवून घ्यावं. कडकबाईंना घाम फुटला. शेवटी त्या म्हणाल्या की ते प्रोग्राम लिहिणारा माणूस वारला होता. खूण घालायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. जुनेकाका बोलू गेले. वन्संनी इस्त्री उचलून दाखवली. ते गप्प बसले, पण त्यांनी कडकबाईंचा गार झालेला चहा उचलून माझ्याकडे दिला, दुसरा आणा म्हणून.

मग घाईरावाची: तक्रारी शेवटी सांगाव्यात. जुनेकाकांना आठवलं की त्याचा कंपायलर शिकाऊ मुलं वापरतात आणि पहिल्याच ओळीला अडवलं की ती उठून जातात. कडकबाईंच्या न वापरलेल्या नावांसाठी घाईराव अडखळत बोलला. असंच एक विसरलेलं नाव एकदा त्याच्या अंगाशी आलं होतं, आणि ते त्यांनीच पकडलं होतं. हे सांगताना तो पहिल्यांदाच सावकाश बोलला.

अशी दुपार गेली. मधे काही हरकती आल्या, काही मिटल्या, एका सोयीवरून चक्क रडारड झाली आणि ती कुणाची होती ते रडणाऱ्यालाच नंतर सांगावं लागलं. संध्याकाळी एक सोय शिल्लक राहिली. ती काय करते हे कुणालाच कळेना. कुणी घातली, कुणासाठी, पत्ता नाही. काढून टाकायचं कडकबाईंनी सुचवलं, आणि लगेच त्यांनीच हरकत घेतली. जुनेकाकांनी ती उलटसुलट वाचली. "कशासाठी आहे आठवत नाही," ते म्हणाले, "पण असू दे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "सोफ्याचंही तसंच."

चाचण्या परत लागल्या. पडदा लाल झाला, पिवळा झाला, आणि मग हिरवा झाला. या वेळचा हिरवा खरा होता. प्रती वाटून घेण्याचा विषय कुणी काढला नाही. जाताना दारात तिघं पुन्हा भांडायला लागले, कुठल्याशा नव्या सोयीवरून. कडकबाईंची हरकत होती. जिना उतरून खाली जाईपर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते. वन्सं कठड्याशी उभ्या राहून ऐकत राहिल्या, आवाज थांबेपर्यंत. मग आत आल्या आणि त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली. माझ्या लग्नापासून ती वायर गुंडाळलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर वन्संनी फ्रंटएंडमधली आपली वाक्यं बदलायला घेतली. त्यांनी एक सूचना मांडली: जिथं चुकलंय तिथं "चुकलं" असं लिहावं. तिच्यावर सध्या तिन्ही प्रकल्पांची हरकत आहे. तिघांचंही म्हणणं, आहे ते फार चांगलं आहे. वन्सं वाट बघताहेत. हरकत आहे तोवर तिथं आहे तसंच राहणार.

घरात मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. परवा मी ओट्याशी भांडी विसळत होते. वन्सं दारात आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दूध उतू जातंय."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले, पुढचं वाक्य यायची वाट बघत. पुढं काही नव्हतं. ओटा पुन्हा पांढरा झाला.